दंडाचा रंग

"दंड दाखव."

समोर येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला मास्तर पहिल्यांदा हेच सांगायचे. नाव, गाव, बापाचं नाव हे सगळं नंतर. माणूस गांगरायचा. फौजेत भरती व्हायचं तर छाती मोजतात, दात बघतात, पळायला लावतात, एवढं त्याला गावी रजेवर आलेल्या कोणीतरी सांगितलेलं असायचं. दंडाचं कोणी सांगितलेलं नसायचं. मग मास्तर स्वतःच उठायचे, त्याची बाही खांद्यापर्यंत वर सारायचे, हात खिडकीच्या उजेडाकडे वळवायचे आणि दंडाची आतली बाजू, जिथं ऊन कधी पोचत नाही ती, चष्मा कपाळावर चढवून बघत राहायचे. मागे रांग खोळंबलेली असायची. त्याचं त्यांना काही नसे. मनासारखं बघून झालं की खाली बसून एकच शब्द लिहायचे.

"तोंडाचा रंग उन्हाचा," ते म्हणायचे, "दंडाचा रंग आईबापाचा. सरकारनं माणसाचा रंग विचारलाय, उन्हाचा नाही."

लढाईचे दिवस होते. साताऱ्याच्या भरती कचेरीत मी उंची आणि छाती मोजायचो आणि शेजारच्या टेबलावर मास्तर माणसाच्या खुणा लिहायचे. तीळ, व्रण, डोळे, रंग. आधी जतकडच्या एका शाळेत शिकवत होते, म्हणून कचेरीतही मास्तरच. त्यांच्या घरात अर्धं बोलणं कानडी. अंगात नेहमी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि वर कोट, वैशाखातसुद्धा. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "मास्तर, तुमचा दंड दाखवा की." तर म्हणाले, "मी भरती व्हायला आलो नाही." त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खुणा लिहिल्या त्यांनी, स्वतःची खूण कुठं ठेवलेली त्यांना आवडली नसती.

रंगाचा रकाना तुम्हीही कुठल्या ना कुठल्या सरकारी कागदावर पाहिला असेल. आमच्या इंग्रजी फॉर्मला त्यात तीनच शब्द पुरत. फेअर, व्हीटिश, डार्क. बाकीचे कारकून तर तेवढेही कष्ट घेत नसत. पहिल्या माणसापुढं गव्हाळ लिहायचं आणि खाली पानभर, वरच्यासारखंच म्हणून, दोन-दोन टिंबं देत जायचं. अशी वही दिसली की मास्तरांचं डोकं फिरायचं.

"गव्हाळ हा रंग नव्हे. तो आळस आहे," ते म्हणायचे. "अहो, या मुलखात गहू ताटात येतो सणाला. बारा महिने भाकरी खाणारी माणसं सगळी गव्हाळ कशी झाली?"

एकदा एक पंजाबी सुभेदार कचेरीत आला होता. मास्तरांनी त्याला विचारलं, तुमच्याकडे अशा माणसाला काय म्हणतात? तो म्हणाला, गंदुमी. म्हणजे काय? म्हणजे गव्हाच्या रंगाचा. मास्तर हिरमुसले. त्यांच्या कानडीतही गोधी बण्णच, म्हणजे गव्हाचा रंग. इंग्रजांचाही गहूच. चार भाषा फिरून आले तरी पुढ्यात गहूच. "म्हणजे आळस सगळीकडचा सारखा," असं म्हणून त्यांनी त्या दिवशीची वही मिटली.

ते स्वतः मात्र कधी आळसाने लिहीत नसत. उजळ, निमगोरा, तांबूस काळा, पिंगट, असे शब्द ते माणूस बघून निवडत. दुष्काळी भागातली मेंढपाळांची पोरं आली की त्यांच्यासाठी त्यांनी आपल्या पदरचा एक शब्द केला होता, जोंधळी. तो त्यांनी इंग्रजी फॉर्मवरही इंग्रजी अक्षरांत लिहून टाकला आणि साहेबाने त्यांना बोलावून घेतलं. मास्तरांनी कोटाच्या एका खिशातून मूठभर गहू काढले, दुसऱ्यातून मूठभर शाळू जोंधळा, दोन्ही साहेबाच्या टेबलावर ओतले आणि बाहेर उभ्या असलेल्या एका धनगराच्या पोराला आत बोलावून त्याचा दंड मध्ये ठेवायला लावला. साहेब हसला. एक इंग्रजी शब्द लिहा आणि शेजारी तुमचा काय तो लिहा, म्हणाला. बाहेर आल्यावर मास्तर मला हळूच म्हणाले, "साहेब स्वतःला पांढरा समजतो. आपल्याकडे पांढरा पडला म्हणजे माणूस आजारी. आमच्या कानडीत गोऱ्याला केंपू म्हणतात, तांबडा. साहेबाचा रंग आमच्या आईला बरोबर सांगता आला असता."

रांगेतली माणसं त्यांच्याशी घासाघीस करायची, ती मोठी मजा असे. "मास्तर, काळा नगा लिवू. सावळा लिवा की. सासरची मानसं हसत्याली." मास्तर पुन्हा दंड बघायचे आणि म्हणायचे, "सासरच्यांनी रंग बघून पोरगी दिली, की काम बघून?" आणि काळाच लिहायचे. पण लिहिताना असं काही मान डोलावून लिहायचे, की तो गडी खूश होऊन जायचा.

आमच्या आळीत लग्नाच्या पोरीबद्दल पत्र लिहायचं झालं की बाया त्यांच्याकडे येत, कारण अक्षर सुरेख. पण गोरी नसलेल्या पोरीला गोरी लिहायला ते तयार नसत, त्यामुळं दोन घरांशी त्यांचा अबोला होता. एका पोरीच्या आईने फार गळ घातली तेव्हा त्यांनी लिहिलं, "मुलगी दंडाने उजळ, तोंडाने कष्टाळू." आईने डोक्याला हात लावला. तर मुलाच्या बापाने ते पत्र वाचून, अशीच सून पाहिजे, असा निरोप धाडला. पोरगी इस्लामपूरकडे दिली. मास्तर त्या लग्नात भलतेच मिरवले.

हे सगळं मी हसत सांगतोय. पण ज्यासाठी लिहायला बसलो ती गोष्ट हसण्याची नाही.

लढाईच्या दुसऱ्या वर्षी कृष्णाकाठच्या एका गावातला एक गडी भरतीला आला होता. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. चुलवाणापुढं बसून बसून तोंड असं करपलेलं, की दात तेवढे दिसायचे. मास्तरांनी बाही वर सारली आणि आम्ही सगळेच वाकून बघायला लागलो. कोपराच्या वर दुसराच माणूस होता. मास्तरांनी लिहिलं, निमगोरा.

"मास्तर, हा निमगोरा?" मी म्हटलं. "डोळे तपासून घ्या."

"मी बघून लिहितो," ते म्हणाले.

तो गडी बेचाळीसच्या धामधुमीत रजेवर आला तो परत गेलाच नाही. भूमिगत झाला. पुढे कुठंतरी गोळीबार झाला, एक शिपाई मेला आणि त्यात याचं नाव आलं. गोळी याने झाडली की नाही, मला आजही माहीत नाही. सापडला तर फासावर जाणार, हे मात्र शाळेतलं पोरही सांगत होतं. फोटो नव्हता. गावात पोलिस गेले की गाव एका तोंडाने सांगायचं, "आमी न्हाई बगितला. कवाच गेला त्यो." मग पोलिस आमच्या कचेरीत आले आणि आमच्या वहीतली ओळ उतरवून घेऊन गेले. आठ दिवसांत चावडीचावडीवर कागद लागले. उंची पाच फूट सात इंच. छाती चौतीस. वर्ण निमगोरा. उंची-छाती माझी, वर्ण मास्तरांचा.

शिपायाला निमगोरा काय आणि गोरा काय. जरा उंच आणि गोरा तरुण दिसला की उचल. कोणी शाळामास्तर, कोणी भटजीचा मुलगा, कोणी सावकाराचा पुतण्या. दोन दिवस ठेवायचे, फोडून काढायचे, सोडायचे. गोऱ्या जावयाला सणाला बोलवायची चोरी झाली. कृष्णाकाठच्या एका घरी म्हातारीने आपल्या गोऱ्या नातवाला मुद्दाम दिवसभर उन्हात शेतावर बसवलं, असं ऐकून कचेरीत सगळे हसले. मास्तर हसले नाहीत.

दुपारी डबा तसाच ठेवून ते मला म्हणाले, "माझा शब्द लोकांना मारतोय."

मी म्हटलं, तुम्ही बरोबर लिहिलंत, तुमचा काय दोष?

"बरोबर लिहिलं, तेच तर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक अर्ज वाचायला दिला. पोलिसांना लिहिलेला. सदर नोंदीतील वर्ण हा दंडाचा असून इसमाचे तोंड काळे आहे, तरी गोऱ्या इसमांस त्रास देऊ नये. सुरेख अक्षर, खाली सही. मी वाचला आणि परत दिला. "हा पोचला की तो आठ दिवसांत सापडेल," मी म्हटलं. मास्तरांनी अर्जाची चौकोनी घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. तो तिथंच राहिला. धाडवेना आणि फाडवेना. बोलता बोलता त्यांचा हात त्या खिशापाशी जायचा, हे मला तेव्हापासून दिसायला लागलं.

मग एके दिवशी त्या भागातल्या एका ठाण्यातून आम्हा दोघांना बोलावणं आलं. ठाण्याचं नाव सांगत नाही. संशयित पकडलेत, येऊन ओळखा. तुम्ही त्याला हात लावलेली माणसं.

कऱ्हाडहून आम्ही सर्व्हिस मोटारीत बसलो. मोटार ठासून भरलेली. आमच्या समोर आष्ट्याचा एक शिंपी होता, कऱ्हाडहून अस्तराचं कापड घेऊन निघालेला. बोलका माणूस. उंच आणि चांगला गोरा. तो मास्तरांना कोटाचा गळा कसा चुकलाय ते सांगत होता आणि मास्तर इतक्या दिवसांनी थोडं हसत होते. मागच्या दाराशी काही माणसं उभी होती, वरची दांडी धरून.

इस्लामपूरच्या अलीकडे मोटार थांबवली. एक हवालदार आणि दोन शिपाई. हवालदाराच्या हातात तोच कागद. एक शिपाई मागच्या दारातून वर चढला आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत पुढं यायला लागला. मोटारीत कोणी खोकेना.

मास्तर एकाएकी ताठ झाले. मी त्यांच्या नजरेच्या रोखाने बघितलं. दारापाशी एक काळाकुट्ट गडी उभा होता, डोक्याला मळकं मुंडासं, पायाशी पोतं. दांडी धरलेल्या हाताची बाही घसरून खांद्यापर्यंत गेली होती. आणि तो दंड. मास्तरांनी माणसाचं तोंड ओळखलं नसतं, मीही ओळखलं नव्हतं. दंड दोघांनीही ओळखला. शिपाई त्याच्या पुढ्यात दोन हातांवर, पाठमोरा. मागं वळला असता तर त्याच्या नाकासमोर तो दंड आला असता.

"हात खाली घे, बाळ," मास्तर म्हणाले. अगदी साध्या आवाजात. "अवघडेल."

त्या गड्याने मास्तरांकडे बघितलं. हात खाली घेतला, बाही मनगटापर्यंत ओढली. शिपाई वळला, त्याचं तोंड बघितलं आणि त्याला कोपराने बाजूला सारून खाली उतरला. उतरता उतरता हवालदाराला म्हणाला, पुढचा तो गोरा.

शिंप्याला उतरवलं. "आवं हवालदार, मी शिंपी हाय. आष्ट्यात कुनालाबी इच्यारा," असं तो सांगत राहिला. कापडाचं गाठोडं मास्तरांच्या मांडीवर राहिलं. मोटार निघाली. पुढच्या थांब्याला तो काळा गडी पोतं खांद्यावर टाकून उतरला. उतरताना मास्तरांना एवढंच म्हणाला, "येतो मास्तर." मास्तरांनी मान वर केली नाही. ते गाठोड्याची गाठ सोडत आणि बांधत होते.

इस्लामपुरात माझ्या मावसभावाकडे आमचा मुक्काम होता. मास्तर जेवले नाहीत. भावाच्या बायकोने ताट केलं तसं झाकून ठेवलं.

सकाळी दहाला ठाण्याच्या ओसरीवर अकरा माणसं ओळीने बसवली होती. सगळे गोरे, सगळे तरुण. त्या भागात इतके गोरे आहेत हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी शिंपी. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं सुजून काळीनिळी झाली होती आणि तो हात मांडीवर उलटा ठेवून बसला होता. मास्तरांनी गाठोडं त्याच्याजवळ ठेवलं.

फौजदार बाहेरच्या जिल्ह्यातला होता. हळू बोलणारा, सभ्य. आम्हाला त्याने खुर्च्या दिल्या, चहा मागवला. मग म्हणाला, "मास्तर, तुमचा माणूस यात आहे का?"

मास्तर उठले आणि ओळीच्या एका टोकापासून निघाले. दंड दाखव. दंड दाखव. शिंप्याला बाही वर सारता येईना, तेव्हा त्यांनी स्वतः खाली बसून ती बोटाबोटाने वर सरकवली. परत येऊन म्हणाले, "यातला एकही नाही." आणि अकराजणांचे अकरा रंग सांगितले. हा केतकी, हा उजळ, हा पिवळसर गोरा, हा तांबूस. फौजदार चहाचा कप हातात धरून ऐकत होता.

"मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही तोंड का नाही बघत? दंडच का बघता?"

या एका प्रश्नाचं खरं उत्तर दिलं की सगळं उलगडणार होतं. अकरा माणसं घरी जाणार होती आणि तो एक फासावर. उत्तर नाही दिलं तर उद्या आणखी अकरा या ओसरीवर बसणार होते. मास्तर चष्मा पुसायला लागले. फौजदार माझ्याकडे वळला.

"तुम्ही छाती मोजलीत ना? तोंड कसं होतं त्याचं?"

मला ते तोंड दिसत होतं. कालच बघितलं होतं. आणि मी काय म्हणालो, ते लिहायला मला आजही लाज वाटते. "साहेब, मी फूटपट्टी धरणारा माणूस. रंगाचं काय ते मास्तरच सांगतील," असं मी म्हणालो. सगळं ओझं मी त्यांच्या डोक्यावर टाकलं आणि खुर्चीत मागे सरकून बसलो.

मास्तरांचा हात कोटाच्या आतल्या खिशापाशी गेला. अर्ज तिथं होता. मला वाटलं, आता काढणार. हात तिथंच राहिला.

"साहेब, नोंद चुकलीय," ते म्हणाले.

"काय चुकलंय?"

"त्या दिवशी रांग मोठी होती. मी न बघता लिहिलं."

मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. तीन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. न बघता लिहिलं, हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकणं मला शिवीसारखं लागलं. फौजदाराने कागद आणि दौत त्यांच्यापुढं सरकवली. बरोबर काय ते लिहा, सही करा. मास्तरांनी टाक बुडवला, निपेवरची शाई दौतीच्या काठाला पुसली, पुन्हा बुडवला. मग वळणदार अक्षरात लिहिलं: वर्ण गव्हाळ.

फौजदाराने वाचलं. "निम्मा जिल्हा गव्हाळ आहे, मास्तर."

"व्हय साहेब," मास्तर म्हणाले.

फौजदार मूर्ख नव्हता. पण हातात धरायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. या कागदाने ओसरीवरच्या माणसांना ठेवून घेता येत नव्हतं आणि दुसरं कोणाला उचलायलाही येत नव्हतं. "सरकारी वही तुम्ही अशी लिहिता, हे मी तुमच्या साहेबांना कळवीन," तो म्हणाला. मास्तर म्हणाले, कळवा. संध्याकाळपर्यंत अकराजण सोडले. मोटारीची वाट बघताना मास्तरांनी चहाच्या दुकानातल्या चुलीत तो अर्ज टाकला आणि कोटाचं बटण लावलं.

साहेबाला पत्र आलं. ज्याने शाळू बघून हसून घेतलं होतं, त्याला आता आपल्याला तीन वर्षं बनवलं असं वाटलं. कामात निष्काळजीपणा, असं लिहून मास्तरांना काढून टाकलं. मास्तरांनी एका अक्षराने खुलासा केला नाही. आणि त्यांच्या वह्यांतला प्रत्येक शब्द तांबड्या शाईने खोडून वर व्हीटिश लिहायचं काम मला दिलं. उजळ, पिंगट, तांबूस काळा, जोंधळी. मला तीन आठवडे लागले. नाही म्हणायची माझी छाती नव्हती. रोज दुसऱ्यांची मोजत होतो तेवढंच.

त्यानंतर चावडीवरच्या कागदावर वर्ण गव्हाळ झाला. शिपाई तो वाचायचे आणि समोरच्या गर्दीकडे बघून कागद खिशात घालायचे. गोऱ्यांची धरपकड थांबली. तो गडी काही सापडला नाही.

मास्तर सांगलीला मेहुण्याच्या आधाराने विश्रामबागेत दोन खोल्यांत राहायला गेले. मुलांना अक्षर शिकवायचे. पण बातमी माणसाच्या आधी पोचते. तिथंही त्यांना गव्हाळ मास्तर म्हणायला लागले. मी वर्षातून दोनदा जायचो. त्यांच्या सदऱ्यांच्या बाह्या एकसारख्या नसायच्या, एक आखूड, एक लांब, शिवण वाकडी. मी विचारलं तेव्हा म्हणाले, आष्ट्याला शिवून घेतो. त्या शिंप्याची दोन बोटं कायमची वाकडी झाली होती आणि गिऱ्हाईक तुटलं होतं. मास्तर दर दिवाळीला मोटारीने आष्ट्याला जायचे, दोन सदरे शिवून आणायचे. का, ते शिंप्याला कधी सांगितलं नाही. मी एकदा म्हटलं, मास्तर, निदान वहिनींना तरी खरं सांगा. ते म्हणाले, "ती बोलून बसेल. तो अजून बाहेर आहे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मी न बघता एकही लिहिला नव्हता हो." आणि डोळे पुसले.

तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. मला पत्र मिळेपर्यंत दहावा झाला होता. त्यानंतर चार महिन्यांनी वॉरंटं उठली आणि रानात राहिलेली माणसं उघड फिरायला लागली.

एके दिवशी तो गडी माझा पत्ता काढत साताऱ्याला आला. खादीचा सदरा, तोंड तसंच काळं. मोटारीत हात खाली घ्यायला सांगणाऱ्या मास्तरांना भेटायचं म्हणाला. ठाण्यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. मास्तर गेले, असं मी सांगितलं तेव्हा तो पायरीवर बसला. "न्हाईत व्हय," एवढंच म्हणाला. मी त्याला घेऊन सांगलीला गेलो.

दुपारची वेळ होती. वहिनी दाराशी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांना आणि त्याला दोघांनाही सगळं सांगितलं, माझ्या फूटपट्टीसकट. तो खाली मान घालून ऐकत होता. वहिनींनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"म्हणजे ह्यांनी चुकीचं लिहिलं नव्हतं का हो?" त्यांनी विचारलं. "लोक म्हणायचे. मीही एकदा म्हणाले होते त्यांना."

मी त्या गड्याला म्हटलं, "दंड दाखव."

त्याला कळेना. मग मीच त्याची बाही खांद्यापर्यंत वर सारली आणि हात दाराकडे, उजेडात वळवला. इतकी वर्षं मास्तरांच्या शेजारी बसून मी एकदाही नीट बघितलं नव्हतं. वहिनी उठून जवळ आल्या. वाकून, डोळे बारीक करून, बराच वेळ बघत राहिल्या.

"निमगोरा," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी ती बाही हळूहळू खाली ओढली, मनगटापर्यंत, आणि बटण लावलं. "झाकून घे, बाळ," त्या म्हणाल्या. "ऊन लागेल."